लेकरू बोलत नाही, हाकेला बघत नाही: ऑटिझमचे उपचार निवडताना

वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका गावात माझी पिठाची चक्की आहे. दळण घेऊन आलेली एखादी बाई डबा ठेवते, माझ्या पोराकडे बघते आणि बाकीच्या बाया निघून जाईपर्यंत मागं रेंगाळते. मग हळूच विचारते, "भाऊ, आमचा नातू अडीच वर्षांचा झाला. हाक मारली तर पाहत नाई. तुम्ही छोटूले कुठं दाखोलं होतं?"

छोटू आता ८ वर्षांचा आहे. तो ३ वर्षांचा असताना त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असल्याचं कळलं; मेंदूची वाढ वेगळी झाल्यानं अशा लेकरांचं बोलणं आणि माणसांत मिसळणं वेगळं असतं. मी डॉक्टर नाही, पण या पाच वर्षांत काय कामाला आलं, कशात पैसा गेला आणि कशात वेळ गेला, हे मला ठाऊक आहे. चक्कीच्या आवाजात एवढं सांगता येत नाही, म्हणून लिहून काढलं.

थांबू नका

गावात पहिला सल्ला एकच मिळतो. "याचा बाप बी उशिराच बोलला होता. कायले घोर करता?" आमच्या घरात या सल्ल्यावर एक वर्ष गेलं. ते वर्ष मला आजही सलतं.

बोलणं उशिरा येणं हे एकच लक्षण पाहू नका. वर्षाचं लेकरू नावानं हाक मारल्यावर वळतं का? दीड वर्षाचं होईस्तोवर आभाळातलं विमान, दारातली गाय बोटानं दाखवून तुमच्याकडे बघतं का? छोटू कधीच बोट दाखवत नव्हता. बिस्किटाचा डबा हवा असला की माझं मनगट धरून डब्यापर्यंत ओढत न्यायचा, जणू माझा हात म्हणजे डबा काढायची काठी. आम्हाला ते हुशारीचं वाटायचं. आणखी एक गोष्ट: येत असलेले शब्द किंवा खेळ अचानक गेले, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

सगळ्यात आधी कानाची तपासणी करा. चक्की सुरू झाली की छोटू दोन घरं पलीकडून धावत यायचा, म्हणून त्याचे कान चांगलेच असणार असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी समजावलं की जाड आवाज ऐकू येऊन बारीक आवाज न येणारी लेकरंही असतात. तपासणीचं नाव बेरा. लेकरू झोपेत असताना डोक्याला तारा लावून करतात, आपोआप झोपलं नाही तर औषध देतात. त्या दिवशी त्याला पहाटेच उठवा आणि एसटीत झोपू देऊ नका. आम्ही झोपू दिलं आणि तपासणी न होताच परत आलो.

कुठं जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. अंगणवाडी ताईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या लेकराचं नाव पुढं घेतलं जाईल. पण पथक यायला चार महिने असतील तर तेवढे दिवस बसून राहू नका. जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, आपल्या जिल्ह्याचं कुठं आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगतील. तिथं लहान मुलांचे डॉक्टर, बोलण्याच्या थेरपीवाले आणि हातापायाच्या कामाच्या थेरपीवाले एका ठिकाणी भेटतात आणि पैसे लागत नाहीत. आमच्या पट्ट्यात सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं आहेत, नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स आहेत.

ऑटिझम रक्तातून किंवा मेंदूच्या फोटोतून कळत नाही. डॉक्टर लेकराला खेळताना बघतात, आईबापाला प्रश्न विचारतात. आपल्या देशात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची एक मोजपट्टी वापरतात. रक्ताची किंवा मेंदूची तपासणी सांगितली तर ती कशासाठी आहे ते विचारा. मिरगी किंवा दुसरा आजार शोधायला ती लागू शकते.

जाण्याआधी मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे चार व्हिडिओ काढून ठेवा: हाक मारताना, जेवताना, एकटं खेळताना आणि चिडलेलं असताना. ओपीडीत छोटू माझ्या खांद्यावर गाढ झोपला होता. डॉक्टरांनी जे पाहिलं, ते या व्हिडिओतच पाहिलं.

निदानाचा कागद हाती येईपर्यंतही वाट पाहू नका. लेकराशी खेळायला, बोलायला शिकवण्यासाठी कागद लागत नाही.

आमचा सोयाबीनचा पैसा कुठं गेला

निदान झाल्यावर आम्ही शहरातल्या एका खासगी केंद्रात गेलो. त्यांनी तीन महिन्यांचे पैसे आधीच घेतले. त्या वर्षीचं सोयाबीन त्यात गेलं. छोटूला आत न्यायचे, दार लावायचे, आणि मी व त्याची माय बाहेरच्या बाकावर बसायचो. पाऊण तासानं तो बाहेर यायचा, कधी रडून लाल झालेला. आत काय केलं विचारलं तर "सेशन झालं" म्हणायचे. आठवड्यातून दोनदा, जाऊन-येऊन सहा तास. तीन महिन्यांनी घरात काहीच बदललेलं नव्हतं, कारण घरात काय करायचं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग सरकारी केंद्रातल्या थेरपीच्या बाईंनी मलाच सतरंजीवर बसवलं. पहिला प्रश्न विचारला, "याला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

मी म्हटलं, "चक्की."

"मग चक्कीवरच शिकवा," त्या म्हणाल्या. "मी पंधरा दिवसांतून एकदा भेटणार. तुम्ही रोज भेटता."

मला जे सांगायचं आहे ते हेच. गावात राहणाऱ्या माणसानं लेकराला थेरपी द्यायला नेऊ नये, आपण थेरपी शिकायला जावं. जो शिकवतो तो आपला. ही नुसती गरिबाची तडजोड आहे असंही नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत यावर एक अभ्यास झाला, तो २०१६ साली छापून आला. मोठ्या डिग्र्या नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईबापांना १२ बैठकांत लेकराशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे शिकवलं. आईबाप लेकराच्या कलानं वागू लागले आणि लेकरं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. ऑटिझम गेला असं कोणी म्हटलं नाही. पण घरात रोज जे हवं असतं ते नेमकं हेच आहे.

चालू

चक्कीचं बटण भिंतीवर उंच आहे. छोटूला फिरता पट्टा बघायचं वेड. पट्ट्याला आणि मोटारीला मी आधीच लोखंडी जाळी ठोकून घेतली होती. ती नसती तर हा प्रकार मी केलाच नसता. तो माझा हात धरून बटणाकडे ओढायचा आणि मी लगेच दाबायचो. बाईंनी सांगितलं, लगेच दाबू नका. गुडघ्यावर बसा, तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर आणा. "चालू" एवढाच शब्द म्हणा. मग मनात दहापर्यंत मोजा आणि वाट बघा. त्यानं काहीही केलं, नुसतं तुमच्याकडे पाहिलं तरी लगेच उठून बटण दाबा.

पहिले तीन दिवस तो नुसता ओरडला. दहा आकडे मोजायला केवढा वेळ लागतो हे मला तेव्हा समजलं. मी मोजून झाल्यावर बटण दाबतच होतो, त्याला अडवून ठेवायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं. चौथ्या दिवशी ओढता ओढता त्यानं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांत नाही, ओठांकडे. मी झटकन बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला आणि तो हसला, पट्ट्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

हे पोळ्याच्या आधी झालं. दसऱ्याच्या सुमारास "आऊ" आलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी डबे घेऊन उभ्या असलेल्या सात-आठ बायांसमोर तो स्वच्छ "चालू" म्हणाला. एका म्हातारीनं डबा खाली ठेवून त्याची दृष्ट काढली.

तुमच्या घरी चक्की नसेल. नळ असेल, शेळी असेल, झोका असेल, कुरमुऱ्यांचा डबा असेल. झाकण घट्ट लावून डबा समोर ठेवा आणि थांबा. झोका दोनदा द्या आणि तिसऱ्यांदा धरून ठेवा. लेकरू एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन बोला: तो "पाणी" म्हणाला तर तुम्ही "थंड पाणी" म्हणा. "हे काय आहे? बोल, बोल ना" असा मारा करू नका. तो ज्या गोष्टीकडे बघतो आहे तिचंच नाव घ्या. दिवसातून पाच-दहा मिनिटं, पण चार-पाच वेळा. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्हाला तेवढंही जमायचं नाही, तेव्हा आंघोळ आणि जेवण या दोनच वेळा पकडायचो.

थेरप्यांची नावं आणि त्यांचा अर्थ

स्पीच थेरपी म्हणजे जिभेचा व्यायाम नव्हे. हवं-नको सांगणं, बोट दाखवणं, चित्र देणं, वाट बघणं हे सगळं त्यात येतं. जीभ बांधलेली आहे, खालचा पडदा कापा, असं अनेक जण सांगतील. ऑटिझममुळे न बोलणारं लेकरू पडदा कापून बोलत नाही. वेखंड चाटवूनही नाही. त्यानं उलट्या होतात, देऊ नका.

चित्रांबद्दल आमच्या घरातही भांडण झालं. चित्र दाखवायची सवय लागली तर तो बोलणारच नाही, अशी त्याच्या मायला भीती होती. तसं होत नाही, चित्रांमुळे बोलणं अडत नाही, उलट काहींना मदत होते. आम्ही घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवले: ताट, बादली, चक्की, आजीचं घर. मोबाईलवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप आहे, फुकट आहे आणि मराठीत चालतं.

ऑक्युपेशनल थेरपीत जेवणं, कपडे घालणं, बटण लावणं, आवाज आणि स्पर्श सहन होणं यावर काम करतात. छोटूला कुकरची शिट्टी आणि डीजे सहन होत नाही, चक्कीचा धडधडाट मात्र चालतो. असं उलटसुलट असतं, त्यात ढोंग नसतं. तान्ह्या पोळ्याला आम्ही त्याचा लाकडी बैल मिरवणुकीत नेत नाही, वाजंत्री निघायच्या आधी देवळापर्यंत फिरवून आणतो. जड कामानं तो शांत होतो, म्हणून ज्वारीचं अर्धं पोतं ढकलायला देतो. हे सगळ्याच लेकरांना लागू पडतं असं मी म्हणणार नाही. ब्रशनं घासणं, झोके, जड पोतं यांतलं काहीही आठ-दहा दिवस करून बघा. लेकरू शांत होत नसेल, रोजचं काम सोपं होत नसेल तर सोडून द्या.

तिसरी म्हणजे वागणुकीवरची थेरपी, तिला एबीए म्हणतात. मोठं काम लहान तुकड्यांत तोडून शिकवायचं आणि जमलं की आवडीची गोष्ट द्यायची. यात चांगले शिकवणारेही भेटतात, वाईटही. आठवड्याला पंचवीस-तीस तास लागतील असं सांगून घाबरवणारे भेटतील. लेकराला जबरदस्तीनं डोळ्यांत बघायला लावतात, हात धरून ठेवतात, रडलं तरी तासभर सोडत नाहीत, अशा जागी पुन्हा जाऊ नका.

चिडणं, डोकं आपटणं

यासाठी वही ठेवा. मी उधारीच्याच वहीत मागच्या पानावर लिहायचो: किती वाजता, त्याआधी काय झालं, नंतर आपण काय केलं. दोन आठवड्यांनी पानभर नोंदींत दिसलं की निम्म्याहून जास्त वेळा तो सकाळी लाईट गेल्यावर डोकं आपटत होता. चालता पट्टा अचानक थांबायचा आणि त्याचं सगळं जग बंद पडायचं. भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला पाठ होतं, त्याला कोण सांगणार? मग काळ्या बल्बचं एक चित्र केलं. लाईट जायच्या पाच मिनिटं आधी ते दाखवायचं, मी स्वतः चक्की बंद करायची आणि त्याला हातपंपावर न्यायचं. महिन्याभरात डोकं आपटणं फार कमी झालं.

पण सगळंच वागणुकीचं नसतं. पोट साफ नसणं, दाढ, कान दुखणं हे न बोलणारं लेकरू डोकं आपटूनच सांगतं. आधी ते तपासून घ्या. मारू मात्र नका. मी एकदा मारलं आहे. त्यानं तो काहीच शिकला नाही, चार दिवस माझ्याजवळ आला नाही.

औषधं

ऑटिझम जाण्याचं औषध नाही. स्वतःला जखमा करून घेण्याइतकी चिडचिड असेल तर डॉक्टर रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल देतात. त्यानं भूक, वजन, झोप वाढू शकते, म्हणून दर भेटीला वजन करून घ्या. ऑटिझम असलेल्या मुलांत मिरगी जास्त आढळते. मिरगीची गोळी सुरू असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून मधेच बंद करू नका, गोळी संपण्याच्या आठवडाभर आधी नवी आणा.

शेत गहाण ठेवण्याआधी

स्टेम सेलच्या, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचण्याच्या, जाहिराती नागपूरपर्यंत पोचल्या आहेत. यात लाखांनी खर्च सांगतात. ऑटिझमवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळानंही २०२२ साली हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही असं सांगितलं आहे. रक्तातले धातू काढायच्या सलाईनीला चिलेशन म्हणतात. २००५ साली अमेरिकेत ऑटिझम असलेलं पाच वर्षांचं लेकरू त्या उपचारात दगावलं. प्राणवायूच्या बंद पेटीचाही ऑटिझमवर उपयोग सिद्ध झालेला नाही.

गहू आणि दूध बंद करा, असं कोणीतरी सांगेलच. गहू सोडायला आपल्याला काय, ज्वारीची भाकर आहेच. पण जे लेकरू मुळात तीनच पदार्थ खातं त्याचं दूध तोडलं तर ते वाळतं. पोटाचा खरा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. लस चुकवू नका. लसीमुळे ऑटिझम होतो ही गोष्ट १९९८ साली १२ मुलांवरच्या एका लेखावरून पसरली, तो लेख २०१० साली मागं घेतला गेला. गोवरानं मात्र लेकरं खरंच दगावतात.

मायनं मोबाईल दिला म्हणून असं झालं, असं नातेवाईक म्हणतील तेव्हा नवऱ्यानं मधे पडून बोलावं. मोबाईलनं ऑटिझम होत नाही. मोबाईल कमी करायचा तो यासाठी की तेवढा वेळ आपल्याला खेळायला मिळतो. देवाला नवस करा, आम्हीही केला. फक्त थेरपीची तारीख त्यासाठी बुडवू नका.

कुठल्याही केंद्रात पैसे भरण्याआधी विचारा: मला आत बसू द्याल का? येत्या तीन महिन्यांत काय शिकवणार ते लिहून द्याल का? घरी काय करायचं ते दर वेळी सांगाल का? शिकवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे का? "पूर्ण बरा करून देतो" म्हणणाऱ्याकडे पुढचं काही विचारू नका, उठा.

कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम धरलेला आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. कार्ड काढलं तर लेकरावर शिक्का बसेल, असं आमच्या घरच्या म्हाताऱ्यांना वाटायचं. कार्ड आल्यावर त्याच्या एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सूट मिळाली.

केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना नक्की घ्या. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीही ठरलेल्या मर्यादेत बसते. वैद्यकीय तपासणी न करता नोंदणी होते. बिल नसेल तर पैसा मिळत नाही, म्हणून पाच रुपयांची चिठ्ठीही जपून ठेवा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून मागा. आमच्या गावात मागितल्यावरच मिळाला.

अंगणवाडीत घेत नाही, असं कोणी म्हणालं तर सांगा की दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा स्वतंत्र प्रोटोकॉल २०२३ साली आला आहे. शाळेसाठी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. छोटू गावच्याच जिल्हा परिषद शाळेत जातो. वाचत नाही अजून. पण मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत उभा राहतो, आणि ती रांग शिकवायला आम्हाला सात महिने लागले: चक्कीवर डबे जसे एकामागं एक लागतात तशी.

पहिल्या भेटीला जाताना पिशवीत घ्या: लसीकरणाचं कार्ड, आधार, व्हिडिओ असलेला मोबाईल पूर्ण चार्ज करून, त्याच्या आवडीचं खाणं, पाणी, अंगावर घ्यायची त्याची रोजची चादर, एक खेळणं. पहाटेची गाडी धरा, उन्हाळ्यात दुपारची नकोच. आणि एक कोरी वही, घरी काय करायचं ते तिथंच लिहून घ्यायला.